दुपारचं चांदणं

सारजाबाईला चेटकीण करायला त्या माणसांना लागलं काय, तर एक दुपार, बिस्किटांचे दोन पुडे आणि कागदावर तिचा अंगठा. एवढ्यावर जन्मभर मेंढरं राखलेल्या बाईची हडळ झाली. झाली ती झाली, वर गाव म्हणतं, आम्ही डोळ्यांनी बघितलं. डोळ्यांनी बघितलं म्हणे. काय बघितलं होतं, ते आता नीट ऐका.

सारजाबाई धारूरच्या डोंगरकडेची धनगर. वय साठीच्या पुढं, नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. हाताशी मुलगा म्हाळू, सून शिवकन्या आणि शंभराला दोन-चार कमी अशी मेंढरं. दरवर्षी ज्वारी निघून रानं मोकळी झाली की हा कळप डोंगर उतरून चौसाळ्याच्या बाजूला यायचा. तिथून पायी तासाभराच्या वाटेवर एक गाव, त्या गावात पंडितचं काळं रान. त्या रानात मेंढ्या बसवायच्या. म्हणजे जाळीची वाघूर गोल लावायची, कळप आत कोंडायचा आणि रोज जागा थोडी पुढं सरकवायची. लेंडीखत पंडितच्या रानाला, पंडितच्या घरची ज्वारी सारजाबाईच्या चुलीला. वीस वर्षांत यात खंड पडला नव्हता. पंडितच्या रानात मेंढ्या बसल्या की शेजारचे शेतकरी पाठोपाठ पाळी लावायचे, आणि कळपाचा अख्खा उन्हाळा निघायचा. पंडितनं नाही म्हटलं तर बाकीचेही नाहीच म्हणणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

पंडितच्या बायकोला, छबुबाईला, सारजाबाई बहीण मानायची. म्हणून पंडित तिचा दाजी. मेंढ्या उतरल्या की पहिल्या सांजेला छबुबाई टोपल्यात भाकरी आणि ठेचा घेऊन रानात यायची, आणि दोघी एका ताटात जेवायच्या. मग वर्षभराचं काय बोलायचं ते बोलून व्हायचं.

यंदा चैत्र लागला, कळप अर्ध्या वाटेवर आला, आणि म्हाळूला पंडितचा फोन आला.

"औंदा ऱ्हाऊ द्या," पंडित म्हणाला.

"कावून, काका?"

"ऱ्हाऊ द्या म्हणलं ना. घरात ल्हान लेकरू हाय."

आता लहान लेकराचा आणि मेंढ्यांचा संबंध काय? म्हाळूला कळेना, सारजाबाईला कळेना. ती म्हणाली, छबूला नातू झालाय, आपण बघायला गेलो नाही, म्हणून रुसली असेल. कळप माळावर म्हाळूच्या हवाली केला आणि ती एकटी निघाली. बाळाच्या पायात बांधायला काळ्या लोकरीचा दोरा तिनं वाटेत चालता चालता वळला.

छबुबाई दारातच उभी होती. आत ये म्हणाली नाही. पाण्याचा तांब्या नाही, बस नाही. ओसरीवर सून उज्ज्वला दीड महिन्याचं लेकरू मांडीवर घेऊन बसली होती. सारजाबाईला बघताच ती उठली, लेकराला छातीशी धरून आत गेली, आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला.

"छबू, काय चुकलं गं माझं?"

छबुबाईनं खाली बघितलं. "अक्का, आमी समद्यांनी बघितलंय. मोबाईलमधी."

"काय बघितलंय?"

"तुला म्हाईत न्हाई व्हय?" छबुबाई म्हणाली. सारजाबाईनं पुढं केलेला दोरा तिनं घेतला नाही. "जा बाई आता. घरात लेकुरवाळी हाय."

वीस वर्षांची बहीण, आणि तिनं असं उंबऱ्याबाहेरून वाटेला लावलं. सारजाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. माळावर परत येईस्तोवर तिनं वाटेत कुणाशी रामराम केला नाही.

"शिवकन्ये, मोबाईल काढ. माझं काय हाय त्यात?"

शिवकन्येचं तोंड उतरलं. तिला दोन महिन्यांपासून माहीत होतं, पण सासूला सांगायची हिंमत होत नव्हती. मालिकेचं नाव होतं 'पुनवेची पाहुणी'. दर पुनवेला एका गावात एक बाई येते, चांदण्यात केस मोकळे सोडून फिरते, मंत्र पुटपुटते आणि पाळण्यातली लेकरं उचलून डोंगरात नेते. शिवकन्येनंही ती आवडीनं बघितली होती, तीन भाग. चौथ्या भागात ती बाई डोंगराच्या कडेनं चालत आली आणि शिवकन्येचा घास हातातच राहिला, कारण ती पाहुणी म्हणजे तिची सासू होती.

सारजाबाईनं बघितलं. निळं निळं चांदणं, डोंगरावर परातीएवढा चंद्र, मागं कुत्री रडल्याचा आवाज. त्यातून ती स्वतः चालत येत होती, केस पाठीवर मोकळे, छातीशी घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी. तिचे ओठ हलत होते आणि भलताच कोणतरी घोगऱ्या आवाजात मंत्र म्हणत होता. मग मध्येच घोंगडीतलं गोरंपान बाळ जवळून दाखवलं. ते रडत होतं.

"आगं, ही दुपार हाय," सारजाबाई म्हणाली. "मागच्या वैशाखातली."

आणि दुपारच होती ती. मागच्या वैशाखाच्या शेवटी, कळप परतीला लागलेला असताना, धारूरच्या खालच्या माळावर चार-पाच जण कॅमेरा घेऊन आले होते. धनगरांच्या जगण्यावर फिल्म करतोय, म्हणाले. त्या दिवशी एक मेंढी विताना मेली होती आणि कोकरू जगलं होतं. सारजाबाई ते सगळं निस्तरून विहिरीवर न्हाली, आणि ओल्या केसांनीच कोकरू घोंगडीत घेऊन दुसऱ्या मेंढीला लावायला निघाली. परकं कोकरू मेंढी सहज घेत नाही. तिला गोंजारावं लागतं, तिच्या कानाशी बोलत राहावं लागतं. 'घे माय, घे, तुझंच हाय' असं सारजाबाई पुटपुटत होती. त्यांच्यातला एक जाडा चष्मेवाला म्हणाला, आजी, परत एकदा चाला. परत एकदा. पाहुण्याचं मन कशाला मोडा म्हणून ही माउली डोक्यावर ऊन घेऊन तीनदा चालली. मग बिस्किटं, मग अंगठा. झालं तिचं सोंग.

सारजाबाईला गोष्टींचा राग होता असं समजू नका. तिच्या आईनं तिला मेंढरांमागं चालता चालता हडळींच्या शंभर गोष्टी सांगितल्या होत्या, आणि त्यातल्या पन्नास तिनं म्हाळूला सांगितल्या. पण त्या हडळीला गाव नसायचं, नाव नसायचं. ऐकून झालं की ती आपल्या जागी निघून जायची. हिला तोंड होतं, आणि ते सारजाबाईचं होतं. आणि चांदण्याचंही या मालिकावाल्यांनी काय मांडलंय कोण जाणे. चंद्र वर आला की यांच्याकडं एक तर गाणं लागतं नाही तर बाई भूत होते. जी माणसं चांदण्यात चार पावलं चालली नाहीत ती चांदणं विकतात, आणि जिचा जन्म चांदण्यात गेला तिला त्याची शिक्षा होते. याला काय न्याय म्हणायचं?

अंगठा घेतलेल्या कागदाची एक प्रत त्यांनी तिला दिली होती, तिच्यावर नंबर होता. शिवकन्येनं फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"अरे वा, आजी," चष्मेवाला खुशीत म्हणाला. "तुमचा तो सीन सगळ्यात गाजला. लोक म्हणतात, एवढी खरी चेटकीण बघितली नव्हती."

"मला लोकं दारात उभं करंनात, बाबा," सारजाबाई म्हणाली. "माझ्या मेंढ्या कुणी बसवून घेईना. ते काढून टाका."

"काढता नाही येत, आजी. आणि सुरुवातीला लिहिलंय ना आम्ही, सगळं काल्पनिक आहे म्हणून."

"माझं तोंड काल्पनिक हाय का रं?"

पलीकडून तो हसला, मीटिंग आहे म्हणाला आणि फोन ठेवला. पुन्हा लावला तर लागेना. शिवकन्येनं सात वेळा लावून बघितला.

दुसऱ्या दिवशी सारजाबाई चौसाळ्याला मैनुद्दीनच्या दुकानात गेली. मैनुद्दीन मोबाईल आणि टीव्ही दुरुस्त करतो. म्हाळूचा फोन दोनदा पाण्यात पडला, तो त्यानंच जगवला होता. त्यानं तो तुकडा बघितला आणि लगेच मान हलवली.

"मावशी, ह्ये दिवसाचंच हाय. उजेड कमी केला, निळा रंग मारला, वर चंद्र चिकटवला. बस, हो गई रात."

"मग ह्ये लोकान्ला सांग."

"सांगून बघितलं. माझ्या बायकोला, जिनतलाबी पटंना. म्हणती, तुमी बघितलं का तिथं जाऊन?" मैनुद्दीननं समोरचा दुरुस्तीला आलेला मोठा टीव्ही पुसला. "थांबा, ह्याच्यावर बघू."

मोठ्या पडद्यावर चित्र पसरलं आणि सारजाबाई पुढं सरकली. मोबाईलच्या टीचभर काचेत जे दिसत नव्हतं ते इथं दिसत होतं. तिच्या मागं, डोंगराच्या पायथ्याला, तिची मेंढरं उभी होती. ती बराच वेळ बघत राहिली.

"मैनू, बाजार कधी हाय?"

"परवा."

"त्या दिवशी हा टीव्ही रस्त्याकडं तोंड करून लाव, लेका. एवढं माझं काम कर."

बाजारच्या दिवशी फुकटचा टीव्ही लागल्यावर गर्दीला काय तोटा. पिशव्या घेतलेल्या बाया, शेळ्या विकायला आलेले, पान खाणारे, सगळे थांबले. पंडित आणि छबुबाईही बाजाराला आली होती. ती दोघं मागं उभी राहिली, सारजाबाईकडं न बघता. म्हाळू टीव्हीपाशी हाताची घडी घालून उभा होता, कुणी काही बोललं तर भांडायच्या तयारीनं.

मैनुद्दीननं चित्र नेमकं थांबवलं. सारजाबाईनं गर्दीतून सटवाला हाक मारली. सटवा म्हणजे आष्टीकडचा म्हातारा मेंढपाळ, एडके विकायला आलेला.

"सटवाभाऊ, तू मेंढरात जल्मलास, मेंढरात म्हातारा झालास. ह्या मागच्या मेंढ्या बघ आन् वेळ किती झालाय ते सांग."

सटवा पटका मागं सारून टीव्हीच्या जवळ गेला. मेंढ्या गोल करून दाटीनं उभ्या होत्या आणि प्रत्येकीनं आपलं मुंडकं दुसरीच्या पोटाखाली घातलं होतं.

"भर दुपार हाय," सटवा म्हणाला. "ऊन सोसंना म्हणून चरायचं सोडून एकमेकीची सावली धरत्यात. रातीला मेंढरू असं उभं ऱ्हातंय व्हय? रातीला चरतंय, न्हाईतर बसून रवंथ करतंय." मग त्यानं आणखी वाकून बघितलं. "आन् वैनी, तुमच्या त्या लेकराला शेपूट हाय."

घोंगडीच्या कडेनं कोकराचं शेपूट खरंच खाली लोंबत होतं. आधी एक जण फिसकन हसला, मग रस्ता हसला. "आन् आमची मंडळी महिनाभर लाइट चालू ठिवून झोपतीया," कुणीतरी म्हणालं. "कोकरू चोरणारी हडळ," दुसऱ्यानं जोडलं. जे शेतकरी दोन महिने पोरांना सांजेला घरात कोंडत होते तेच आता चष्मेवाल्याला शिव्या घालायला लागले. या माणसांच्या रानात मेंढरं बसलेली, रोज दुपारी तिथंच कळप उभे राहिलेले, आणि दोन महिन्यांत एकाच्या ध्यानात येऊ नये? यांनी मेंढ्यांकडं बघितलंच नव्हतं. बघायला चेटकीण होती ना समोर.

पंडित पुढं आला. त्याचं तोंड ओशाळलं होतं. "सारजाक्का, झालं गेलं सोडा. उद्या मेंढ्या आणा. रान मोकळंच हाय."

सारजाबाईला हायसं वाटलं. का नाही वाटणार? महिन्याची ज्वारी होती, पुढची सगळी पाळी होती, म्हाळूचा जीव टांगणीला लागला होता. ती हो म्हणणारच होती.

तेवढ्यात छबुबाईनं जवळ येऊन तिचा हात धरला. "माझ्या जिवातला दगड उतरला बघ, अक्का. म्हंजी तू चांदण्यात फिरलीच न्हाईस."

सारजाबाईनं हात सोडवून घेतला.

"फिरले न्हाई कशी? म्या चांदण्यातच फिरते, छबू. चैत-वैशाखात दिवसा मेंढरू चरत न्हाई, ते आत्ताच सटवाभाऊनं सांगितलं. मग त्याला कधी चारायचं? चंद्र वर आला की काठी उचलायची, ह्ये म्या धा वर्साची व्हते तवापासून करते. तुझ्या रानातून केलंय. वीस वर्सं तुझ्याच रानातून. तवा न्हाई भ्यालीस ती?"

मैनुद्दीननं टीव्ही बंद केला.

"म्हंजी ती रात असती तर म्या हडळ व्हते? दुपार निघाली म्हणून सुटले?" सारजाबाईचा आवाज चढला होता आणि तिला तो खाली आणायचाही नव्हता. "मेंढ्यांची साक्ष काढावी लागली मला. माझ्या तोंडाची साक्ष चालली न्हाई तुमाला."

"आगं, तसं न्हाई, अक्का..."

"मग उद्या येते. चंद्र वर आल्यावर, गावातून, मधल्या गल्लीनं. दार उघडं ठिव."

दुसऱ्या दिवशी चौदस होती. दिवस मावळायच्या आधीच चंद्र वर आलेला, आणि उजेड गेला तसं त्याचं चांदणं गल्लीत उतरलं. सारजाबाई पुढं, मागं कळप, कडेला शिवकन्या, सगळ्यात मागं वाघूर पाठीवर घेतलेला म्हाळू. आदल्या दिवशी रस्ताभर हसलेली माणसं ओट्यांवर बसली होती. कळप जवळ आला तशी एकेक बाई लेकरांना हाका मारायला लागली. जेवायला चला, अभ्यासाला बसा. कुणी धाडकन दार लावलं नाही. हळूच लावलं, म्हणजे लावलंय असं वाटू नये.

"बघताय ना, आत्या?" शिवकन्या दबक्या आवाजात म्हणाली.

"बघते. चल."

पंडितचं दार उघडं होतं. छबुबाई अंगणात उभी होती, नातू छातीशी. तिनं हसून "ये, अक्का" म्हटलं, एवढंच नाही, दोन पावलं पुढंही आली. तिला घरात घ्यायचं छबुबाईच्या मनात होतं, यात शंका नाही. पण सारजाबाई अंगणाच्या तोंडाशी आली, तिच्या तोंडावर चांदणं पडलं, आणि छबुबाईच्या हातानं आपसूक पदर ओढला आणि लेकराचं तोंड झाकलं.

सारजाबाई थांबली. मागची मेंढरं अंगणात शिरून तिच्याभोवती उभी राहिली.

"पदर कावून गं, छबू?"

"वारं लागंल म्हणून."

लिंबाचं पान हलत नव्हतं. छबुबाईलाही ते दिसत होतं, पण तिनं पदर काढला नाही, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आपण काय करतोय ते तिला कळत होतं आणि तरी हात निघत नव्हता.

पंडितनं ते बघितलं. तो घाईघाईनं मध्ये आला, म्हाळूच्या पाठीवरची वाघूर उतरवायला हात घातला, आणि आवाज खाली आणून म्हणाला, "सारजाक्का, बायामाणसांचं मनावर घेऊ नका. मेंढ्या बसू द्या. पायजे तर पायलीभर ज्वारी जास्तीची देतो. फकस्त महिनाभर राखणीला म्हाळूला ठिवा. तुमी गावाकडं जाऊन आराम करा."

म्हाळूनं आईकडं बघितलं. त्याच्या तोंडावर सगळं लिहिलेलं होतं. पुढं कुठं जायचं, कोण बसवून घेणार, मेंढरांना पाणी कुठं. तो 'आई' एवढंच म्हणाला.

"दाजी," सारजाबाई म्हणाली, "खत माझ्या मेंढ्यांचं गोड लागतंय आन् म्या कडू लागते व्हय? माझ्याबिगर ह्या मेंढ्या बसत न्हाईत."

तिनं आपली नेहमीची हाळी दिली, हुर्र. अंगणातली मेंढरं वळली, गल्लीतली वळली, आणि अख्खा कळप पंडितच्या दारावरून माळाच्या वाटेला लागला. म्हाळू क्षणभर तिथंच उभा राहिला. मग त्यानं वाघूर नीट खांद्यावर घेतली आणि आईच्या मागं निघाला.

पंडितच्या रानाला त्या वर्षी खत मिळालं नाही. अंगणात मूठ-दोन मूठ लेंड्या पडल्या होत्या. सकाळी छबुबाईनं त्या झाडून गोळा केल्या आणि परसातल्या तुळशीला घातल्या.